मुराळ्याविना पंचमी

श्रावण लागला की नरगुंदाकडच्या सासुरवाशिणींचे कान रस्त्याला लागतात. हात भाकरी थापतात, तोंड सुनेला बोल लावतं, आणि कान मात्र गावाबाहेरच्या फाट्यावर गाडी थांबली का, याच्यावर असतात. पंचमीला माहेरचा मुराळी न्यायला येतो. भाऊ, नाहीतर भाचा, अगदीच कुणी नसलं तर एखादा चुलता. तो आला की निघायचं, नाही आला तर नाही. न बोलावता देवळात जावं, माहेरी जाऊ नये, असं तिथल्या बायका एकमेकींना बजावतात. हा नियम कुणी केला हे विचारायची सोय नाही, पण करणाऱ्याला बहुधा माहेर नसावं.

द्यामव्वाचा मुराळी एकदाही चुकला नव्हता. तिचा थोरला भाऊ मुदकप्पा आदल्या दिवशी दुपारी यायचा, ताकाचा तांब्या तोंडाला लावायचा आणि म्हणायचा, "चल द्यामे, आटप." नरगुंदच्या स्टँडवर गाडी लागली की तो खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत फेकायचा आणि ओरडायचा, "ही जागा माझ्या बहिणीची आहे, कुणी टेकायचं नाही!" मग द्यामव्वा सावकाश चढायची आणि पाटलीणबाईच्या थाटात त्या टॉवेलवर बसायची. तिकीट त्यानं काढायचं, उतरायचं कुठं ते त्यानं सांगायचं. तिनं फक्त खिडकीतून मुगाची रानं बघायची. चाळीसेक वर्षं ती गाडीत बसली, पण एकदाही तिनं स्वतः गाडी धरली नव्हती.

मुदकप्पाला जाऊन तीन वर्षं झाली. तीन पंचम्या द्यामव्वा दारात बसली आणि फाट्याकडून कुणी आलं नाही. भाचा बेंगळूरला नोकरीला, तो काय येतोय! वैनी घरात एकटी होती. तिचाही निरोप नाही. मुलगा महांतेश म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात मी सोडतो की गं अव्वा." पण त्याचा पुढचा आठवडा काही उजाडत नव्हता. द्यामव्वाचा नवरा कधीच गेला होता. सुना-नातवंडांनी घर भरलेलं होतं, खायला-प्यायला कमी नव्हतं. तरी श्रावणात तिला घास गिळवत नसे. तिला 'द्यामे' म्हणून हाक मारणारं या गावात कुणी उरलं नव्हतं. इथं ती अव्वा होती, आज्जी होती, सुनांची आत्याबाई होती. द्यामी ती फक्त तिथं होती.

मध्यंतरी सरकारनं बायकांना गाडी फुकट केली, आणि गावातल्या बायका वारं प्यायल्यागत सुटल्या. आज ही देवी, उद्या तो मठ. द्यामव्वा तेवढी उंबऱ्यात. शेजारची हुसेनबी रोज भाजीची पाटी घेऊन नरगुंदला जायची. ती एकदा दारात थांबून म्हणाली, "द्यामक्का, गाय पण दावं तोडून एकदा पळून बघती. तू कसली गं बाई!"

"मला काय येतंय गाडीचं? गाडीवरची पाटी वाचता येत नाही."

"मला तरी कुठं येती? अल्लानं तोंड दिलंय की विचारायला. का ते फक्त सुनेवर तोफ डागायला ठेवलंयस?"

ही टोचणी बरोबर लागली. सोमवारच्या बाजाराला द्यामव्वा हुसेनबीबरोबर निघाली. आधार कार्ड चोळीत, आणि हुसेनबीचा पदर मुठीत. पहिल्या खेपेला ती प्रत्येक थांब्याला उठून उभी राहिली, आणि प्रत्येक वेळी अर्ध्या गाडीनं तिला खाली बसवलं. दुसऱ्या बाजाराला हुसेनबी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसली आणि ओळख दाखवेना. द्यामव्वा वळून वळून बघायची, तर ही बया खिडकीबाहेर बघत पान चघळतेय. तिसऱ्या बाजाराला हुसेनबी चढलीच नाही. फाट्यावर उभी राहून तिनं हात हलवला आणि म्हणाली, "जा. मेलीस तर कळव." द्यामव्वा नरगुंदला गेली, हिरव्या मिरच्या घेतल्या आणि परत आली. मिरच्या घरात होत्या, तरी आणल्या. त्या संध्याकाळी तिनं उगाचच सगळ्यांशी गोड बोलून सुनेला काळजीत पाडलं.

पण बाजार वेगळा आणि माहेर वेगळं. मिरच्यांनी काही तिला बोलावलेलं नव्हतं. पंचमी जवळ आली तशी ती रोज एकदा ठरवायची, जायचं, आणि रोज एकदा मोडायची. दारात वैनीनं तोंड वाकडं केलं तर? भाऊ गेल्यावर नणंद कशाला हवी कुणाला? मग तिला वाटायचं, बघेल वाकडं तर बघू दे. त्या जमिनीवर एकदा आडवं व्हायचंय मला. पंचमीच्या दोन दिवस आधी तिनं शेंगदाण्याच्या, तिळाच्या, रव्याच्या उंड्या, म्हणजे लाडू, वळल्या. शेंगदाणे भाजताना तिनं कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. उंड्या पिशवीत बांधून महांतेशला म्हणाली, "मी उद्या माहेरी जातेय."

"कुणासंगती?"

"माझ्याच."

महांतेशनं तोंड उघडलं, आणि आईचा चेहरा बघून मिटलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी नरगुंदच्या स्टँडवर मुंगीला वाट नव्हती. सगळ्या मुलखाच्या लेकी तिथंच जमल्या होत्या. प्रत्येकीपुढं एक मुराळी, खांद्यावर टॉवेल टाकून. दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या, मधे माणूस जेमतेम शिरेल एवढी फट. "रोणची कुठली बाई?" माहेरच्या रस्त्याची गाडी तिनं कॉलेजातल्या एका पोरीला विचारली. "ही उजवीकडची, आज्जी." आता जागा धरायला हवी. तिच्याकडं टॉवेल नव्हता. ती फटीत शिरली, डोळ्यांपुढं भाऊ आणला, आणि भावासारखंच हात उंच करून उंड्यांची पिशवी खिडकीतून आत ढकलली. "ही जागा माझी आहे!" ओरडली सुद्धा. आवाज फुटला नाही, तो भाग वेगळा.

मग ढकलाढकलीत ती उजवीकडच्या गाडीत चढली आणि पिशवी शोधू लागली. पिशवी कुठंच नाही. तेवढ्यात शेजारची गाडी हलली. त्या गाडीच्या खिडकीजवळच्या बाकावर पिशवी ऐटीत बसलेली होती.

"अगं माझ्या उंड्या!" द्यामव्वा ओरडली. "ती गाडी कुठली?"

"हुबळीची," एक म्हातारा म्हणाला. "काळजी करू नका. हुबळीलाही कुणाचं तरी माहेर असंलच."

गाडी हसली. बोलावणं नाही, मुराळी नाही, आता हातात उंडीही नाही. लेक रिकाम्या हातानं पंचमीला दारात उभी राहत नाही. तिला खाली उतरावंसं वाटलं, पण दाराकडं वळायलाही जागा नव्हती. गाडी निघाली. कंडक्टर माणसांतून पोहत आला.

"कुठं, अव्वा?"

"माहेरी," ती म्हणाली. डोळे भरलेले, ध्यान कुठंच नाही.

"ही सगळी गाडीच माहेरी चाललीय. गावाचं नाव सांगा."

तिनं सांगितलं. त्यानं कार्ड बघितलं, बिनपैशाचं तिकीट हातात दिलं आणि एका पोरसवद्या बाईला दटावून तिला टेकायला जागा करून दिली. मुगाची रानं मागं पळू लागली. ती तीच होती, पण कडेला भाऊ नव्हता, आणि त्याचं नसणं तिला त्या गर्दीतसुद्धा खांद्याशी जाणवत होतं. त्याला मसणात नेलं त्या दिवशी ती चारचौघींबरोबर रडली होती. आता एकटीनं रडली. कुणी विचारलं नाही. पंचमीच्या गाडीत रडणं काही नवं नव्हतं.

फाट्यावर ती बरोबर उतरली. घरापुढच्या कडुलिंबाला झोका बांधलेला नव्हता. वैनी, चन्नव्वा, कट्ट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. ती उठली, आणि आधी तिनं नणंदेच्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं बघितलं.

"कोण आलंय घेऊन?"

"कुणी नाही. एकटीच आले वैनी. उंड्या पण नाहीत. उंड्या हुबळीला गेल्या."

चन्नव्वाला काही उमगलं नाही. तिनं पाय धुवायला पाणी दिलं. आत मुदकप्पाचा फोटो होता, पण तळणाचा वास नव्हता.

"तू पण काही केलं नाहीस?"

"कुणासाठी करू? तू येत नाहीस."

मग मात्र द्यामव्वाचा बांध फुटला. "बोलावलंस का गं तू मला? तीन वर्षं झाली. भाऊ मेला म्हणजे बहीणही मेली काय?"

चन्नव्वानं फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, "खरं सांगू? पहिल्या वर्षी मुद्दामच नाही बोलावलं. म्हटलं, आता तरी मी जाईन. माझ्या माहेरी."

"तुझ्या?"

"मला काय आभाळातनं टाकलंय? लग्न झाल्यापासनं एकदा पण पंचमीला गेले नाही मी. माझा भाऊ यायचा न्यायला, ह्याच कट्ट्यावर बसायचा. हे, तुझे अण्णा, म्हणायचे, बहिणीला आणायला निघालोय, तू गेलीस तर तिचं कोण बघणार? भाऊ चहा पिऊन परत जायचा. मग यायचाच थांबला."

द्यामव्वा खाली बसली. वैनीच्या हातच्या उंड्यांची कीर्ती तिनं सासरी गावभर सांगितली होती. ते हात पंचमीला याच घरात का असतात, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आपला तो लाडका भाऊ, टॉवेल फेकणारा! त्याच्यावर रागवायचं तिनं करून बघितलं. जमलं नाही. स्वतःवर मात्र लगेच जमलं.

"मग गेलीस का नाहीस?"

"कशी जाऊ? कधी एकटीनं गाडी धरलीय मी? फाट्यापर्यंत गेले होते. गाडी थांबली, कंडक्टर म्हणाला चढा. पाय उचललाच नाही. आले परत." ती कसनुशी हसली. "गेल्या वर्षी पण गेले होते."

"भाऊ आहे अजून?"

"आहे. गजेंद्रगडच्या अलीकडं उतरायचं. थकलाय म्हणतात."

रात्री दोघी शेजारी शेजारी आडव्या झाल्या. जमीन तीच, गार. चन्नव्वा अंधारात म्हणाली, "द्यामे, पांघरूण घे, थंडी आहे." ही हाक ऐकायला द्यामव्वा आली होती. आणखी दोन-चार दिवस ती ऐकत इथं पडून राहावं, एवढंच तिला हवं होतं. तीन वर्षं तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. वैनी नसेल तर हे घर कुलूपबंद. मग कसलं माहेर? तिनं कूस बदलली, परत बदलली.

"वैनी, आधार कार्ड आहे ना तुझं?"

"आहे. का गं?"

"चोळीत ठेव. सकाळी वारुळाला दूध घातलं की निघायचं."

सकाळी फाट्यावर चन्नव्वा नवं लुगडं नेसून उभी होती. धुरळा दिसला तशी ती मागं सरली. "मला तरी कुणी बोलावलंय? दारात काय सांगू मी?"

"सांग, नणंद घेऊन आलीय," द्यामव्वा म्हणाली आणि तिला पुढं घातलं.

लेकी कालच माहेरी पोचल्या असल्यानं गाडी अर्धी रिकामीच होती. खिडकीची जागा द्यामव्वानं वैनीला दिली. त्यामुळं माहेरचं गाव मागं पडताना शेवटचं बघायला तिला वैनीच्या खांद्यावरून वाकावं लागलं.