वर्षाराणीची फर्माइश

सिंधुबाईला गाण्याचं वेड कधीच नव्हतं. तिला हवी असायची रेडिओवर गाण्याआधी घेतात ती फर्माइश करणाऱ्यांची नावं. त्यातलंही एकच: वर्षाराणी शेषेराव. वर्षातून एकदा, फुकटात, साऱ्या मराठवाड्याच्या कानावर.

वर्षाराणी तिची लेक, चौदा वर्षांची, भूकंपात गेली. सिंधुबाई तेव्हा धाकट्या पोराला घेऊन कंधारला माहेरी गेलेली. परत येईस्तोवर सगळं उरकलं होतं, तोंडसुद्धा दिसलं नाही. पोरीनं आधीच गुपचूप रेडिओला फर्माइशीचं कार्ड टाकलं होतं. बाराव्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये कुणाच्या तरी रेडिओवर तिचं नाव आलं अन् सिंधुबाई धावतच सुटली, लेक सापडली म्हणून! बायांनी धरून आणली बिचारीला.

तेव्हापासून दर सप्टेंबरात लेकीच्या नावानं तीच कार्ड टाकायची. करणार काय? घरात त्या नावाला बंदीच होती. तिनं चुकून काढलं, की तिचा नवरा शेषेराव चपला घालून बाहेर पडायचे. असा माणूस!

पंचवीस वर्षं अशीच गेली. आता नातीच्या क्लाससाठी लातूरला खोली केलेली. कार्ड लिहायला काढलं, तर नात वैष्णवी म्हणाली, "आजी, तो कार्यक्रम बंद झाला. कुणी ऐकतच नाही."

"बंद? कुणाचं काय खात होता गं तो?"

पोर मायाळू. तिनं पैसे भरून मोबाईलवर गाण्यांचं ॲप घेतलं, आजी दरवर्षी कार्डावर लिहायची ते गाणं शोधून लावलं. गाणं संपलं. सिंधुबाई वाट बघत बसलेली.

"नाव कवा घेतेत?"

"ह्यात नावं नसतात आजी. पाहिजे तितक्यांदा गाणं ऐक."

"गाण्याला काय जाळू? आज मेली गं माझी पोर!" सिंधुबाईनं पदर तोंडात कोंबला.

"कोण पोर?" वैष्णवीला काहीच कळेना. दारात शेषेराव चपला घालत होते. "आबा, कोण?"

"तुझी आत्या."

"नाव काय तिचं?"

शेषेराव उंबऱ्यावरच खाली बसले. "वर्षाराणी," म्हणाले. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "बाहेर ओट्यावर निजते म्हणत होती त्या रातीला. मीच रागं भरून आत निजवलं."

सिंधुबाईला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.