पडद्यात राहिलेले आप्पा

वडगावातल्या एका विणकराच्या घरी कुणी वारलं, की दिव्याजवळ पीठ पसरून टोपलीखाली झाकत आणि सकाळी त्यावर गेलेल्याची काय खूण उमटली ते बघत. मल्लाप्पा गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, यल्लव्वानं, पीठ पसरलं. पण त्यावर मुंगीसुद्धा फिरकली नाही. नवरा काही खूण न ठेवता कसा गेला, हे तिच्या जिवाला लागलं.

मग एका दुपारी तिच्या मुलानं, युवराजनं, लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि पडद्यावर पापणी लवेपर्यंत आप्पा दिसले. दवाखान्यातून याच लॅपटॉपवर केलेल्या शेवटच्या व्हिडिओ कॉलमधला चेहरा. लगेच गेलाही.

"आले रं!" यल्लव्वा ओरडली.

युवराजच्या अंगावर काटा आला. खरं तर कारण त्याला ठाऊक होतं. पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, दुरुस्त करणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. झाकण मिटलं की चिपची वीज तुटायला हवी; या मशीनवर ती तुटतच नव्हती. बॅटरी फुकट जळत होती आणि त्या कॉलमधलं चित्र चिपच्या मेमरीत पुसलं न जाता तसंच पडून होतं; झाकण उघडलं की क्षणभर तेच झळकायचं. हाच दोष काढायला कंपनीनं मशीन त्याच्याकडे दिलं होतं.

त्यानं आईला समजावलं, ते दृश्य मोबाईलवर टिपूनही दिलं. तिनं मोबाईल बाजूला सारला.

"फोटो भिंतीवर बी हाय. ह्ये माझ्याकडं बघत्यात."

रोज न्हाऊन आली की झाकण तीच उघडायची. चार्जर निघाला तर घर डोक्यावर घ्यायची. हळूहळू युवराजलाही त्या मशीनकडे पाठ करून बसवेना.

शेवटी बेंगळूरहून साहेबीणबाईंचा, भाग्यलक्ष्मींचा, फोन आला: दुरुस्ती आजच हवी. चूक त्याला कधीच सापडली होती. 'जागी राहा' असं चिपला सांगून झाल्यावर 'आता नीज' हे सांगायचंच राहिलं होतं. एका ओळीचं काम. पण ती ओळ लिहायची म्हणजे बापाला आपल्या हातानं पुसायचं. त्याला स्वतःचाच राग आला. तरी त्यानं ती लिहिली. आईला सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

सकाळी यल्लव्वानं झाकण उघडलं. काळा पडदा, मग सरळ पासवर्डची चौकट. युवराज डोळ्यांत तेल घालून बघत होता. मध्ये काहीही आलं नाही.

यल्लव्वानं पडद्यावरून हात फिरवला. मग तिनं पदरानं डोळे टिपले.

"आज हसले बघ," ती म्हणाली. "तुला दिसलं न्हवं?"

"व्हय, आई," युवराज म्हणाला, आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून ढसाढसा रडला.