पाचवं शील

जनकाबाईनं खुंटीवरचा पांढरा सदरा काढला, झटकला आणि कुणी बघत नाही असं पाहून नाकाला लावला. कॉलर, खिसा, बाही, सगळीकडं साबणाचाच वास होता. नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रातून नवरा, किशनराव, घरी आले त्याला एक पाऊसकाळ सरला होता. गाव त्यांना चांगलं म्हणू लागलं होतं, पण दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकल्याशिवाय कशी पिणार? तिनं सदरा त्यांच्या हातात दिला आणि आवरायला सांगितलं.

आज धाकट्या लेकीचा, आकांक्षाचा साखरपुडा होता. वसमतची माणसं; मुलगा लाइनमन, शांत स्वभावाचा. मुलाचे वडील गंगाधरराव यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. बोलणीच्या दिवशी एकच गोष्ट बोलले होते, "माझा थोरला भाऊ दारूनं गेला. पिणाऱ्याच्या घरी सोयरीक करायची न्हाई, येवढंच हाय." तेव्हा जनकाबाईनंच पदर सावरून सांगितलं होतं, की पूर्वी घेत होते, आता थेंब नाही.

किशनरावांचं वारंगा फाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, पण पंचक्रोशीत नाव होतं ते आवाजाचं. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच वंदना शिकवली होती. विहारात त्रिशरण-पंचशील म्हणायचं तर किशनरावांनीच, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, असा गावाचा शिरस्ता होता. पिऊन आले तरी पाली शब्द तसूभर हलत नसे. उलट जास्त प्याले की आवाज जास्त खुलायचा, आणि लोक कौतुकानं माना डोलवायचे. थोरल्या अश्विनीच्या लग्नात त्यांनी पाचही शीलं अशी म्हटली, की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मद्यापासून दूर राहीन हे पाचवं शील कसल्या वासावर बसून बाहेर पडत होतं, ते फक्त शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या बायकोला ठाऊक होतं. तिला तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. पण लग्न मात्र थाटात पार पडलं.

विहारात माणसं दाटीवाटीनं बसली. बुद्धमूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. अंगठ्यांच्या डब्या ताटात ठेवल्या होत्या. किशनरावांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज तोच, किंचित खालच्या पट्टीतला. पहिलं शील झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला गंगाधररावांनी शेजारच्याला खुणेनं वा म्हटलं. जनकाबाईला ते दिसलं आणि आज पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. चौथं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, सावकाश झालं.

आणि किशनराव थांबले.

लोकांना वाटलं, श्वास घेत असतील. मग वाटलं, विसरले. पण हा माणूस झोपेतही विसरला नसता. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मागून कुणीतरी खाकरलं. शेवटी विधीसाठी आलेल्या बौद्धाचार्यांनीच पाचवं शील म्हणून टाकलं आणि सगळ्यांनी घाईघाईनं त्यांच्या मागून म्हटलं. किशनरावांनी नाही म्हटलं.

गंगाधररावांनी वळून बायकोकडं पाहिलं. मग त्यांच्यात हळू आवाजात बोलणं झालं. जेवणं झाली, पण अंगठ्या डब्यांतच राहिल्या. निघताना गंगाधरराव नम्रपणे म्हणाले, "विचार करून कळवतो." असं सभ्यपणे नाही म्हणणारी माणसं फार जिव्हारी लागतात.

घरी आल्यावर जनकाबाईनं दार लोटलं.

"काहून थांबले?"

किशनराव खाटेच्या कडेला बसले होते.

"खोटं झालं असतं."

"म्हणजे?"

"काल फाट्यावर घेतली. अर्धा गिलास. उरलेली नालीत ओतली."

काल साखरपुड्याच्या घाईत त्यांच्या तोंडाजवळ जायला तिला सवडच झाली नव्हती. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"आनि ते भरल्या विहारात दाखवायचं होतं?"

"तुला सकाळी सांगणार होतो. तू पुऱ्या लाटून राहिली होतीस, हासत होतीस. धीर न्हाई झाला." ते थांबले. "तिथं केंद्रात शिकवलंय जनका. पाय घसरला तर घसरला, पर झाकायचं न्हाई. झाकलेला घोट एकटा ऱ्हात न्हाई, दुसऱ्याला बलावतो."

आकांक्षा आतल्या दारात उभी होती. अंगावर साखरपुड्याची साडी तशीच होती.

"ताईच्या लग्नात तुमी पिऊन पाचच्या पाच म्हणले, पप्पा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्याच टायमाला खरं काहून सुचलं?"

जनकाबाईला लेकीची कीव आली, नवऱ्याची आली नाही. या माणसानं उभा जन्म खोटं बोलून घालवला, आणि खरं बोलायला लेकीचाच दिवस निवडला. तिच्या मनात राग असा उसळला, की केंद्रात भेटायला गेल्यावर तिथल्या बाईंनी, खरं सांगितलं तर रागावू नका म्हणून, समजावलेलं सगळं त्यात वाहून गेलं.

दिवस कलायच्या सुमाराला फोन वाजला. गंगाधरराव होते. जनकाबाईनं स्पीकर लावला.

"पोरगं ऐकून न्हाई राहिलं वैनी. त्याला मुलगी पसंत हाय. माझं इतकंच म्हननं हाय, किशनरावांनी सोता एकदा सांगावं. घेतात का न्हाई घेत. त्यांच्या शब्दावर भरोसा ठेवतो मी."

तिनं फोनवर तळहात दाबला.

"घसा धरला होता म्हणा."

"जनका..."

"थेंबाला शिवत न्हाई म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकराचं होऊन जाऊ द्या, मंग तुमाला जितकं खरं बोलायचं तितकं बोला."

किशनराव तिच्याकडं बघत राहिले. भेदरलेलं माणूस हात धरायला कुणी आहे का पाहतं, तसे. तिनं हात धरला नाही, फोन पुढं केला. दारातल्या आकांक्षानं मान खाली घातली.

त्यांनी फोन घेतला आणि घसा साफ केला.

"बोला, पावणे," ते म्हणाले, आणि चक्क हसले. "अहो, घशानं दगा दिला आज. रातभर पाण्याच्या मोटारीपाशी उभा होतो, गार हवा बसली. न्हाई हो, कशाचं काय. थेंब न्हाई. लेकीच्या गळ्याची आन. तुमाला शंका येणं बराबरच हाय, माझी तक्रार न्हाई."

शब्द कुठं अडला नाही. हसू जागच्या जागी होतं, शपथ जागच्या जागी होती. पलीकडून गंगाधररावही हसले. येत्या रविवारी अंगठ्या घालू, म्हणाले. आकांक्षा तोंडावर हात धरून आत पळाली. बहुतेक रडत असावी, आनंदानं.

जनकाबाई तेवढी जागची हलली नाही. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज रात्री उंबऱ्यात उभं राहून, आज नाही घेतली, लेकीची आन, असं सांगणारा. गेला एक पाऊसकाळ तो या घरात कुणी ऐकला नव्हता.

किशनरावांनी फोन तिच्या मांडीवर ठेवला. चेहरा अगदी मोकळा दिसत होता.

"झालं मनासारखं?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"दुकानाकडं जाऊन येतो. एका मोटारीची वायंडिंग राहिलीय."

खरंच राहिलीय का, हे विचारायला तिनं तोंड उघडलं. पण तो हक्क आता तिचा राहिला नव्हता. ते फाट्याच्या रस्त्याला लागले, आणि ती आत जाऊन रविवारच्या पुऱ्यांसाठी गहू निवडायला बसली.