आग पिणारी शिळा

रांग गोदामाच्या दारातून निघून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत पोचली होती. हे सोयीचंच होतं. औषध घ्यायला आलेली माणसं तिथूनच रांगेला लागत. आत चौथऱ्यावर काळी शिळा होती. भर दुपारी तिच्यावर बर्फ साचलेला, आणि कान लावला तर आतून बारीक गुणगुण.

"शिळा जगाची आग पिते!" महाराज गर्जत होते. "ताप पिते, राग पिते, रक्तातली साखर पिते!"

"साखर कशी, महाराज?"

"साखर जळते की नाही? मग आगच की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने कपाळावर हात मारला. ती गुणगुण त्याच्या ओळखीची होती. 'लसी ठेवायच्या आहेत' असं सांगून महाराजांच्या भाच्याने त्याच्याकडूनच ते यंत्र बसवून घेतलं होतं. इतकं देखणं यंत्र हाताळायला मिळतंय, या खुशीत यानेही जास्त चौकशी केली नव्हती. शिळा वर नंतर आली.

आज तो बहिणीसाठी आला होता. तिने नऊ वर्षांच्या लेकीचं इन्सुलिन दोन दिवसांपासून बंद केलं होतं. पोरगी आईच्या खांद्यावर धापा टाकत होती, डोळे अर्धवट मिटलेले.

"अगं, दवाखान्यात चल आधी!"

"हात बघ ना तिचे, दादा, कसे गार पडलेत. शिळेने आग प्यायला सुरुवात केली."

तो पुढे झाला. पोरीला घ्यायला गेला तर रांगेतल्या चौघांनी त्याला मागे लोटलं, एकाने कानाखाली वाजवली. मग तो सरळ चौथऱ्यामागे घुसला आणि पडदा ओढून काढला. मागे धातूच्या पात्यांमधून गरम वारा येत होता. पात्यांवर महाराजांचे मोजे वाळत घातले होते.

"ही बघा प्यायलेली आग! आत डबाबंद वायू आहे. विजेच्या जोरावर दट्ट्या सरळ रेषेत मागेपुढे पळतो, पुढची उष्णता उचलतो, मागे टाकतो. चाक नाही, पट्टा नाही, म्हणून खडखड नाही. आणि ही वायर!"

"मागून तापते!" एक म्हातारा गहिवरून म्हणाला. "म्हणजे खरंच आग पिते हो!"

मेकॅनिकने प्लग उपसला. गुणगुण थांबली.

"शिळा ध्यानात गेली," महाराज म्हणाले. "बर्फ वितळणार नाही."

"आता तरी चल," तो बहिणीला म्हणाला.

"वितळला तर येते." पोरीला छातीशी घट्ट धरून ती शिळेसमोर बसली. तिच्याभोवती गर्दीने कडं केलं आणि त्याला आत येऊ दिलं नाही.

शिळा जाड होती. पहिला थेंब पडला तेव्हा महाराजांनी मोजे गोळा केले. ओघळ चौथऱ्यावरून खाली आला तेव्हा ते गोदामात नव्हते.

मग दवाखान्यात नेलं, पण पोरगी संध्याकाळी गेली. "थोडं आधी आणलं असतं तर..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या बाकावर बहिणीने विचारलं, "दादा, बर्फ वितळायला किती वेळ लागला रे?"

"पाऊण तास," तो म्हणाला. त्याने खोटं बोलायला हवं होतं.

यंत्राचा काही दोष नव्हता. लसी त्यात खरोखर छान टिकतात. मेकॅनिक आता दुकानात येईल त्याला सांगतो: गार लागलं म्हणून हात जोडू नका, मागे जाऊन हात लावून पाहा. उष्णता नाहीशी होत नाही, कुठेतरी गेलेली असते. ती कुठे गेली ते विचारा, आणि विचारताय तोवर औषध बंद करू नका.