लाल चिठ्ठी लागलेलं विरजण

आमचे हे, म्हणजे सुभाष रणभिसे, भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. काम एकच, समोर आलेल्या मालाला हिरवी चिठ्ठी लावायची की लाल ते ठरवायचं. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार. एकदा लावलेली लाल चिठ्ठी त्यांनी कधी काढली नाही आणि हे ते निरोपाच्या भाषणातही अभिमानाने सांगून आले. उरलेल्या चिठ्ठ्यांची गड्डी घेऊन ते घरी आले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. माझं माहेर नागपूरचं, आजोबा पाळक. रविवारी चर्च आणि नाताळला करंज्या, एवढ्यात आमचं छान चाललं होतं. निवृत्तीनंतर ह्यांना शाहपुऱ्यातली एक संगत सापडली. अकराच माणसं. ही मंडळी येशूला येशुआ म्हणतात, आणि तो यहुदी होता तर त्याचे सण आपणही पाळावेत असं मानतात. त्यांचे पुढारी ब्रदर रवींद्र. ह्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि बोलायला गोड. मला ते आवडतात हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे.

डिसेंबरात ह्यांनी गच्चीवर थर्माकोलच्या खोक्यांत जव पेरले. वसंतात पहिल्या कापणीचा सण असतो, त्या दिवशी जवाची पेंढी देवासमोर ओवाळायची असते म्हणे. खालच्या मजल्यावरच्या गौरीला वाटलं, काका चैत्र नवरात्रीचे जवारे तीन महिने आधीच लावताहेत. निम्मं पीक कबुतरांनी खाल्लं. मी हसले आणि सोडून दिलं.

मग वल्हांडण आला, मिसरातल्या गुलामीतून सुटल्याचा यहुदी सण. त्या संध्याकाळपासून सात दिवस घरात खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण, चालत नाही. खमीर म्हणजे पाप, ते शोधून बाहेर काढायचं. आता तेहतीस वर्षं दोष शोधण्यात घालवलेल्या माणसाच्या हाती असा सण देऊ नये. त्या बुधवारी मी चर्चमध्ये शुभ शुक्रवारच्या गाण्यांच्या तालमीला गेले होते. परत आले तर ओट्यावर रांग लागलेली. पाव, टोस्ट, खारी, इडलीचं पीठ, इनोची पुडी, प्रत्येकाला लाल चिठ्ठी. आणि रांगेच्या शेवटी माझा दह्याचा सट, धुऊन पालथा घातलेला. दही कढीलिंबाच्या कुंडीत.

ते विरजण माझ्या आईचं होतं. लग्नानंतर ती मला भोपाळला सोडायला आली, तेव्हा स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून तिने ते मांडीवर धरून आणलं. बत्तीस वर्षं मी ते मोडू दिलं नव्हतं. बाळंतपणात नाही, आजारपणात नाही. आई जाऊन पाच वर्षं झाली, पण रोज सकाळी झाकण काढलं की ती घरात आहे असं मला वाटायचं. मी ओट्याशी उभी राहून रडले. हे म्हणाले, "शशिकला, दूध आंबतं ना? मग ते खमीरच."

मी तिथल्या तिथे ब्रदर रवींद्रना फोन लावला आणि फोन ह्यांच्या हातात दिला. पलीकडचं मला स्वच्छ ऐकू येत होतं. "अरे दादा, दही का फेकलं? खमीरचा सवाल गहू आणि जवाला असतो. दह्याला काही प्रॉब्लेम नाही." ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण चूक झाली हे शब्द काही तोंडातून बाहेर पडले नाहीत. मी जाहीर केलं की आजपासून या घरात दही लागणार नाही.

पेंढीचा दिवस आणि ईस्टर यंदा एकाच रविवारी आले. मी चर्चला गेले आणि हे चौदा काड्यांची पेंढी घेऊन शाहपुऱ्याला गेले. परत येऊन दारातूनच सांगायला लागले की पहिली पेंढी म्हणजे मेलेल्यांतून पहिला उठलेला मसीहा आणि बाकीचं पीक म्हणजे आपण सगळे, त्याच्या मागोमाग उठणारे. मला ते पटलं. आई एक दिवस उठेल हेही पटलं. विरजण मात्र उठणार नव्हतं.

त्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे असतात. हे रोज कॅलेंडरवर एक फुली मारायचे. मीही मनात मोजत होते, बिनदह्याचे दिवस. भोपाळचा मे महिना आणि घरात ताक नाही. ह्यांनी डेअरीतून दह्याची पिशवी आणली, ती मी गौरीला देऊन टाकली. मग एकदा कपड्यांच्या कपाटातून वास यायला लागला. उघडून बघते तर ह्यांच्या स्वेटरांमागे दुधाचं भांडं आणि त्यात सुक्या मिरच्यांचे देठ. मोबाइलवर पाहून दही लावायला बसले होते. मी भांडं आणि दोन स्वेटर बाहेर काढले.

पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण. त्याच्या आदल्या आठवड्यात हे संगतीतून अगदी गप्प होऊन आले. खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्या दिवशी दोन भाकरी ओवाळायच्या असतात, त्या कोणाच्या तरी घरातून आणायच्या असतात आणि त्या खमीर घालूनच केलेल्या लागतात. एक भाकर यहुद्यांची आणि दुसरी आपल्यासारख्या बाकीच्या सगळ्यांची. माणसं दोषांसकट असतात आणि तशीच देवाला चालतात, म्हणून त्यात खमीर, असं ब्रदर रवींद्र म्हणाले होते. भाकरी आणायचं काम ह्यांच्याकडे आलं होतं. ऐकून मी इतकी हसले की ठसका लागला. बिट्टन मार्केटातून यीस्ट आणा असंही सुचवलं. "घरातलं पाहिजे," असं पुटपुटत ते उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी वही घेऊन बाहेर पडू लागले. कुठे जातात ते सांगेनात. शनिवारी सकाळी गौरीच वर आली. "काकू, काकांना बोलो ना, पूर्ण कॉलनीत विचारत फिरताहेत की तुमचं विरजण कोणाकोणाकडे गेलं." तीन वर्षांपूर्वी गौरीने माझ्याकडून वाटीभर नेलं होतं. तिचं इंदूरला गेल्यावर मोडलं, पण त्याआधी तिने ते मागच्या गल्लीतल्या उषाताईंना दिलं होतं. पुढचं गौरीला माहीत नव्हतं.

अकराच्या सुमारास हे आले. घामाने निथळत होते. हातात उषाताईंची स्टीलची डबी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. झाकणावर हिरवी चिठ्ठी आणि तिच्यावर त्यांच्या इन्स्पेक्शनच्या अक्षरात लिहिलेलं: मूळ, नागपूरच्या आई. तिथून शशिकला, तिथून गौरी, तिथून उषाताई. एकही दिवस खंड नाही.

"लाल चिठ्ठी मागे घेतो," ते म्हणाले. "चूक मालाची नव्हती."

मी बोट बुडवून चाटलं. तीच चव, किंचित गोडसर आणि मागून आंबट. मी पुन्हा रडले, या वेळी ह्यांच्या खांद्यावर. मग डोळे पुसून आधी सट लावला आणि उरलेलं दही कणकेत घातलं; दही स्वतः खमीर नसलं तरी गव्हाची कणीक त्याने आंबतेच. त्या उन्हात कणीक तीन तासांत फुगली. कुकरात मीठ पसरून, शिट्टी काढून मी दोन भाकरी भाजल्या. एक टम्म फुगली, दुसरी मधेच बसली.

रविवारी चर्च आटपून मी पहिल्यांदाच शाहपुऱ्याला गेले. ब्रदर रवींद्रनी दोन्ही भाकरी उंच धरल्या. बसलेल्या भाकरीकडे बोट करून हे माझ्या कानात म्हणाले, "ती माझी." मी म्हटलं, ते आधीच ओळखलंय.

भाकरी मोडून खाऊन झाल्यावर मी पिशवीतून छोट्या डब्या काढल्या आणि घरटी एक वाटली. प्रत्येकीत दोन चमचे विरजण. रोज लावायचं, मोडू द्यायचं नाही, कोणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, असं बजावलं. ह्यांनी सगळ्यांची नावं वहीत उतरवून घेतली. पुढच्या वर्षी वल्हांडण पुन्हा येणार आहे आणि लाल चिठ्ठ्या अजून अर्धी गड्डी शिल्लक आहेत.