कॉमेंटचा डबा

आमच्या जितेंद्र सरांना एकदा एखादी कल्पना सुचली की ब्रह्मदेव आला तरी ती मागे जात नाही. धुळ्यात बसस्टँडजवळ, मोबाईलच्या दुकानाच्या वर, आमचं ऑफिस. एका मिनिटाच्या बातम्यांचे व्हिडिओ दाखवणारं आमचं ॲप. ते ॲप बांधणारी मी, नाजमीन. आणि गेल्या महिन्यात सरांना सुचलं की व्हिडिओखाली लोकांना कॉमेंट लिहिता आली पाहिजे.

"लिहू द्या की," मी म्हटलं. "एक डबा, एक बटण. दोन दिवसांचं काम."

"अगं, आपल्या लोकांना टाईप करायचा कंटाळा. तयार कॉमेंट द्यायच्या. नुसतं बोट लावायचं."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं यादी लिहून आणली. 'एक नंबर भाऊ', 'हार्दिक अभिनंदन', 'जाहीर निषेध', 'भावपूर्ण श्रद्धांजली'. झालं! चौकातल्या बॅनरवर जे असतं तेच मोबाईलवर. मी डोकं आपटून सांगितलं की सर, लोक न बघता काहीही दाबतील. तर म्हणाले, "दाबू दे ना. आकडा वाढतो."

मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, तुमची बटणं घ्या, खाली लिहायचा डबाही राहील, पण साफसफाई माझी. कॉमेंटमध्ये घरबसल्या कामाच्या आणि वशीकरणवाल्या बाबांच्या जाहिराती येणार, हे मला आधीच माहीत होतं. म्हणून मी नियम लावला: कॉमेंटमध्ये दहा आकडी नंबर दिसला की ती गायब. पण लिहिणाऱ्याला कळू द्यायचं नाही. त्याला स्वतःची कॉमेंट दिसत राहील, बाकी कुणालाच नाही. कळलं तर भांडत बसतो ना! पाच वेळा नंबर टाकला की त्याचं खातंच बंद, तेही गुपचूप. खरं सांगते, या नियमावर मी भलतीच खूश होते.

मंगळवारी सकाळी रावेरहून एक व्हिडिओ आला. तोताराम आबा, वय बाहत्तर, विसरभोळेपणाचा आजार, रविवारी दुपारी घरातून निघाले ते परतले नाहीत. मुलगा योगराज, केळीची बाग असलेला साधा माणूस, कॅमेऱ्यापुढे हात जोडून उभा. त्यानं स्वतःचा मोबाईल नंबर दिला होता. सरांनी तो कापायला लावला.

"नंबर दिला की लोक सरळ फोन करतात. कॉमेंटमध्ये लिहायला सांग. नवीन सोय आहे, लोकांना सवय लागेल."

"सर, माणूस हरवलाय!"

"म्हणूनच तर लोक लिहितील!"

मी चडफडले आणि कापला. हो, कापला. नोकरी करायची होती ना मला.

गुरुवारी अकरा वाजता योगराज स्वतः ऑफिसात येऊन उभा राहिला. पहाटेच्या एसटीनं निघालेला, दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, हे तुम्ही काय करू राह्यले? वाचा बरं."

मी वाचलं. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. सहाशे चाळीस वेळा! म्हाताऱ्याचा टोपीतला फोटो दिसला की लोकांचं बोट आपोआप त्या बटणावर. अधेमधे कुणीतरी 'हार्दिक अभिनंदन'सुद्धा दाबलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काल मामाकडची मानसं दारावर आली," योगराज म्हणाला. "टॉवेल-टोपी घेऊन. बायका फाटकापासूनच रडत आल्या. माही आई त्यांच्या पुढं उभी राह्यली. म्हने, माहा मानूस जिता आहे, मी कुंकू पुसनार नाही. तवापासून ती जेवली नाही."

जितेंद्र सर केबिनमधून बाहेर आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पण व्हिडिओ चालला हं. चाळीस हजार लोकांनी पाहिला." या माणसापुढे कोणी हात टेकावेत नाहीतर काय करावं!

"चाळीस हजारानं पाह्यला," योगराज हळूच म्हणाला, "अन् एकालेबी माहा बाप दिसला नाही?"

"दादा, लोक कामाचं लिहीतच नाहीत," मी वैतागून म्हटलं. "तुम्हाला वाटतं आम्ही इथं झोपा काढतो? या, बघा मी रोज काय कचरा अडवते ते." आणि त्याला पटावं म्हणून मी अडवलेल्या कॉमेंटची यादी उघडली.

बिनव्याजी कर्ज. वशीकरण. पार्टटाईम नोकरी. आणि त्याखाली एक खाजा नावाचा माणूस, मंगळवार, दुपारी एक.

'हाऊ बाबा आठे नरडाणा टेसनवर मना चहाना गाडाजोडे बशेल शे. बरा शे. या नंबरवर फोन करा.'

अहिराणीत लिहिलेलं: आबा नरडाणा स्टेशनवर, त्याच्या चहाच्या गाडीपाशी बसलेत, बरे आहेत. पुढे दहा आकडे.

संध्याकाळी परत तेच. बुधवारी सकाळी परत. दुपारी परत. आणि रात्रीची पाचवी: 'तुमना बाप शे ना? रोज लिखी ऱ्हायनू. कशा माणसे शेतस रे तुम्ही?' खाली तोच नंबर, म्हणून तीही अडवलेली. त्यानंतर माझ्या नियमानं खाजाचं खातं बंद केलं होतं.

इतका वेळ मी सरांना, लोकांना, त्या बटणांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. आणि हे मी केलं होतं. एकटीनं. डोकं लावून.

योगराजनं नंबर फिरवला. पलीकडून खाजाचा आवाज आधी चढला, मग एकदम उतरला. "आहेत, आहेत. या." योगराज तिथंच खाली बसला आणि ढसाढसा रडला. सरांनी गाडीची किल्ली काढून दिली.

मी आणि योगराज नरडाण्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. स्टेशनच्या बाहेर चहाची गाडी, शेजारी बाकावर आबा. अंगात खाजाचा धुतलेला शर्ट, हातात बशी. भुसावळला कुठल्या तरी भलत्याच गाडीत चढले असावेत, असं खाजा म्हणाला. गावाचं नाव विसरले होते. मुलाचं नाव मात्र विसरले नव्हते.

योगराज पायांशी बसला. आबांनी त्याला ओळखलं, पण हात पुढे केला नाही.

"आला का," ते म्हणाले. "यानं तुले मंगळवारीच सांगतलं म्हने. कालबी सांगतलं. माह्यासमोर लिहिलं यानं, मले दाखवलं. मंग काहून नाही आला रे? मी नकोसा झालतो का तुले?"

योगराज नुसता मान हलवत राहिला. खाजा माझ्याकडे बघत होता, कारण ऑफिसात योगराज रडत असताना फोन घेऊन मी त्याला सगळं सांगितलं होतं. कुणीतरी बोलायला हवं होतं.

"आबा, त्याचा दोष नाही," मी म्हटलं. "निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. खाजाभाईंनी लिहिलं, पण मी ते अडवलं. कुणाला दिसूच दिलं नाही."

आबांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, समजून घ्यायला पाहावं तसं.

"पोरी," ते म्हणाले, "माह्या पोराचं अन् माहं तुह्याशी काय भांडन होतं?"

"काही नाही आबा," मी म्हटलं. "काहीच नाही."