कुकरच्या डब्यातले तीन मजले

विनीता आपले केकचे तीन साचे घेऊन मैत्रिणीच्या, क्षितिजाच्या दारात उभी राहिली. लहान, मधला, मोठा. क्षितिजाने ते हातात घेतलेच नाहीत.

"घासूनपुसून आणलेत गं."

"माहितेय. पण त्यात अंड्याचे केक होतात ना."

विनीता हॉस्पिटलात नर्स. मागच्या वर्षी कुणाच्या तरी बर्थडेला बोटभर केक चाटून क्षितिजाच्या लेकीचा, स्पृहाचा चेहरा सुजला आणि अंड्याची ॲलर्जी कळली, तेव्हा तीच ड्यूटीवर होती. त्यामुळे वाद न घालता ती साचे गाडीत ठेवून आली.

तेव्हापासून पार्टीत बाकीची मुलं केक खात आणि स्पृहा घरून आणलेला रव्याचा लाडू. उद्या तिला पाच वर्षं पूर्ण होणार होती. शाळेत तिने सांगून टाकलं होतं, केक तीन मजली असणार आणि मीपण खाणार. ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्लीत बिनअंड्याचा असा केक करणारं क्षितिजाच्या माहितीत कुणी नव्हतं. पर्थहून आणायचा तर सहा-साडेसहा तास गाडीत सांभाळत बसायचं.

मग तिने पुण्याहून आणलेल्या कुकरच्या तीन डब्यांत, दही घालून, स्वतःच केक भाजले. डबे अर्थात एकाच मापाचे. तिन्ही केक ओट्यावर एकावर एक ठेवून बघितले तेव्हा विनीता म्हणाली, "ही तर पाण्याची टाकी झाली."

"तासायचे. खालचा तसाच, मधला बोटभर कमी, वरचा दोन बोटं."

"थंड तरी होऊ देत."

क्षितिजाला तेवढा धीर नव्हता. मधल्यावर बशी उपडी ठेवून तिने कडेने सुरी फिरवली. तो बरा निघाला. वरच्याला सुरी लागली मात्र, तो मधोमध फाटला आणि भुगा होऊन पसरला.

स्पृहा अंगणातून डोकावली. "आई, व्हेअर्स द टॉप वन?"

"होतोय. जा खेळ."

"दोनच ठेव," विनीता हळू म्हणाली. "वर फुलं लावू."

"तिने तीन सांगितलेत. पोरं मोजतील."

क्षितिजाने भुगा वाडग्यात गोळा केला. मग त्यात लोणी-साखरेचं क्रीम घालून तिने गोळा मळला, आमटीच्या वाटीला तूप लावून तो आत गच्च दाबला आणि वाटी फ्रीजमध्ये ठेवली. तासाभराने ती मधल्या मजल्यावर उपडी करून ठोकली. भाताची पडते तशी स्वच्छ मूद पडली.

"आता वरण वाढ," विनीता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंगणात पोरांनी मजले मोजले. तीन भरले. केक कापून सगळ्यांच्या हातात गेला, पण स्पृहा शिकवल्याप्रमाणे थांबली आणि गर्दीतून आईला शोधत म्हणाली, "सेफ?"

क्षितिजाने मनात एकेक जिन्नस पुन्हा तपासला. मैदा, दही, लोणी. केकवर भुरभुरलेल्या रंगीत गोळ्यांच्या डबीवरची घटकांची यादी दोनदा वाचलेली. सुरी आपली.

"सेफ."

स्पृहा खाऊ लागली. क्षितिजा घड्याळ आणि तिचे ओठ आळीपाळीने बघत राहिली. श्रीनाथ, तिचा नवरा, खाणीतली शिफ्ट बदलून आला होता. तो पाहुण्यांशी बोलत होता. विनीता शेजारी येऊन बसली.

"अर्धा तास झाला. मीपण बघतेय."

"हं."

रिकामी प्लेट घेऊन स्पृहा आली. "आई, मोअर ऑफ द राउंड बिट."

क्षितिजा उठली. खुर्चीखाली तिच्या पिशवीत लाडवाचा डबा होता, सवयीने भरलेला. विनीताने तो काढून उघडला.

"हा आता मी संपवते," ती म्हणाली.